न बिघडलेले स्पीकर

घरातला वायरलेस स्पीकर जुना झाला म्हणजे त्यातलं नेमकं काय जुनं झालं? २००५ साली हा प्रश्न कुणाला पडायचं कारण नव्हतं. त्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या सोनोस कंपनीने पहिला संच बाजारात आणला. दोन झोनप्लेअर आणि रंगीत पडद्याचा, चकती फिरवून चालवायचा एक रिमोट, सगळं मिळून १,१९९ डॉलर. आयफोन यायला दोन वर्षं होती आणि घरातल्या वायफायवर विसंबण्यासारखी स्थिती नव्हती. म्हणून या पेट्या आपापसात स्वतःचंच जाळं विणत. एकीला राउटरची वायर जोडली की बाकीच्या तिच्या आधाराने वाजत. पेटीत ॲम्प्लिफायर असे, स्पीकर मात्र ज्याचे त्याने आपल्या पसंतीने जोडायचे.

२००९च्या एस५मध्ये (पुढे याचंच नाव प्ले:५ झालं) सगळं एकाच डब्यात आलं. सोय झाली, पण खरी मेख इथेच आहे. स्पीकरचा शंकू आणि चुंबक नीट वापरले तर दशकं टिकतात. त्यांच्याच शेजारी बसवलेल्या छोट्या संगणकाचं आयुष्य त्यापेक्षा कितीतरी कमी. डबा एकच असल्यामुळे आधी जो थकेल तो दुसऱ्यालाही घेऊन जाणार.

ते उघड झालं २०१९च्या अखेरीस. जुना नग देऊन नव्यावर ३० टक्के सवलत अशी योजना कंपनीने काढली. अट अशी की जुना नग ‘रिसायकल मोड’मध्ये टाकायचा. त्यानंतर २१ दिवसांनी तो कायमचा निकामी. धडधाकट वाजणारा स्पीकर कुणाला विकायचा नाही, भाच्याला द्यायचा नाही, थेट भंगारात! जानेवारी २०२०मध्ये भर पडली: झोनप्लेअर, पहिला प्ले:५ अशा जुन्या नगांना मे महिन्यापासून सॉफ्टवेअरचे अपडेट बंद. ग्राहक एवढे खवळले की दोनच दिवसांत मुख्य कार्यकारी अधिकारी पॅट्रिक स्पेन्स यांना माफी मागावी लागली. रिसायकल मोड मागे घेतला गेला. जूनमध्ये घराच्या वाटण्या झाल्या: नव्यांसाठी एस२ ही सॉफ्टवेअर प्रणाली, जुन्यांसाठी एस१.

अपग्रेडचा आजचा पेच या वाटणीतून आला आहे. एस१वरचा स्पीकर आणि एस२वरचा स्पीकर एकाच वेळी एकच गाणं वाजवू शकत नाहीत. झोपायच्या खोलीसाठी नवा एरा १०० आणला की तो स्वयंपाकघरातल्या जुन्या प्ले:५शी अबोला धरतो. म्हणजे दुकानात एक स्पीकर घ्यायला जावं आणि घरी आल्यावर सगळेच बदलायची वेळ यावी.

पुढचं नाट्य मे २०२४चं. कंपनीने एस२ धारकांना नवं ॲप दिलं आणि त्यात सुरुवातीला झोपेचा टायमर नव्हता, गजर बदलता येत नव्हता, रांगेतली गाणी हलवता येत नव्हती. पुन्हा माफी, आणि जानेवारी २०२५मध्ये स्पेन्स पायउतार. एस१वर मागे राहिलेल्यांना मात्र या गोंधळाची झळ लागली नाही. त्यांचं जुनं ॲप जसंच्या तसं चालू होतं. मला याची थोडी गंमत वाटते.

लॉजिटेकच्या स्क्वीझबॉक्स या नेटवर्कवर चालणाऱ्या म्युझिक प्लेअरचं बरोबर उलट झालं. त्याचं उत्पादन २०१२मध्ये थांबलं, कंपनीची ऑनलाइन सेवाही २०२४मध्ये बंद झाली. पण त्याचं सर्व्हर सॉफ्टवेअर मुक्तस्रोत होतं आणि घरच्याच संगणकावर चालायचं. हौशी मंडळींनी ते आजही लिरियन या नावाने जिवंत ठेवलं आहे.

म्हणून आज कुणाकडे पहिला प्ले:५ असेल आणि आवाज चांगला असेल, तर मी तो बदलायला सांगणार नाही. त्याला लाइन-इन आहे, वायरने काहीही जोडता येतं. नवा घ्यायचाच झाला तर साधे स्पीकर आणि वेगळा ॲम्प्लिफायर घेईन. इंटरनेटचं डबडं बाहेर, वायरीच्या टोकाला. दर पाच-सात वर्षांनी तेवढंच बदलायचं.