‘तिकीट काढणे’ आणि ‘काढून टाकणे’

मराठी माणूस तिकीट ‘विकत घेतो’ असे सहसा म्हणत नाही. तो तिकीट ‘काढतो’. या ‘काढणे’पुढे ‘टाकणे’ हे सहायक क्रियापद आले की व्यवहाराची दिशाच उलटते. ‘जादा तिकीट काढून टाकले’ म्हणजे विकले, आणि तेही पडेल त्या भावाने.

स्वारगेटच्या नेहरू स्टेडियमवर १९८४ ते २००५ या काळात एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामने झाले. तेथे जादा तिकिटाचा निकाल त्याच दिवशी लागे. पुण्याची कसोटी गहुंज्यास आली ती २०१७ साली. कसोटीच्या हंगामी तिकिटाचे पाच भाग ज्याचे त्यालाच कल्पावे लागतात. कामकरी गृहस्थ रविवार विकण्यासाठी राखतो, कारण गिऱ्हाईक त्याच दिवसाला. परंतु २०१७ व २०२४ या दोन्ही कसोट्या गुरुवारी सुरू होऊन शनिवारीच आटोपल्या. विकावयाचा रविवार उगवला, पण खेळाविना. (२०१९ची कसोटीही चौथ्या दिवशी संपली.)

स्वारगेटला राहणारे आमच्या परिचयाचे एक तिकीटधारक ‘विकणे’ हा शब्द कटाक्षाने टाळतात. त्याला काळ्या बाजाराचा वास येतो. ते म्हणतात, “एक तिकीट द्यायचे आहे.” ‘देणे’ या धातूत दानाची छटा आहे, आणि तिचाच आश्रय त्यांना हवा असतो. समोरचा मात्र विचारतो, “किती घेणार?” येथे ‘घेणे’चा कर्ता विकणारा आहे, घेतली जाणारी वस्तू पैसा आहे. या प्रश्नावर आमचे गृहस्थ दर वेळी मूळ किमतीहून कमीच आकडा सांगतात.