भित्रा म्हणून गोळी, नव्वद वर्षांनी माफी

ऑक्टोबर १९१६ मधल्या एका पहाटे ब्रिटिश लष्कराने फ्रान्समध्ये आपल्याच एका शिपायाला गोळ्या घातल्या. हॅरी फार, वय पंचवीस. त्याने पुन्हा आघाडीवर जायला नकार दिला होता आणि लष्कराच्या लेखी तो भ्याडपणा होता. आदल्या वर्षी त्याने पाच महिने इस्पितळात काढले होते. हात इतके थरथरत की बायकोला पाठवायची पत्रं नर्सला लिहून द्यावी लागत. डोळ्यांवर पट्टी बांधून घ्यायला मात्र या ‘भ्याड’ माणसाने साफ नकार दिला.

या आजाराचं ‘शेल शॉक’ हे नाव तेव्हा वैद्यकात नवंच होतं. चार्ल्स मायर्स यांनी फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते वापरलं. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मज्जासंस्थेला इजा होते, अशी समजूत होती. पण ज्यांच्या आसपास गोळा फुटलाच नव्हता, असेही जवान मुके होऊ लागले, तेव्हा पंचाईत झाली. इजा नाही, मग हे सोंग म्हणायचं का?

उपचारांचीही दोन टोकं होती. लंडनच्या क्वीन स्क्वेअर इस्पितळात लुईस यीलंड वाचा गेलेल्या जवानाच्या घशाला विजेचे झटके देत. तो बोलेपर्यंत सुटका नसे. स्कॉटलंडच्या क्रेगलॉकहार्टमध्ये डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स रुग्णांशी बोलत बसत. (हे इस्पितळ फक्त अधिकाऱ्यांसाठी होतं, हेही सांगायला हवं.)

रिव्हर्स यांच्या एका तरुण रुग्णाला मित्राच्या देहाचे विखुरलेले तुकडे सापडले होते. रोज रात्री तोच मित्र भयंकर रूपात स्वप्नात येई. ‘विसरून जा’ हा सल्ला त्याला सगळ्यांनी दिला होता. रिव्हर्स यांनी नेमकं उलटं केलं. देहाची ती अवस्था म्हणजे मित्र क्षणात गेला, त्याला तळमळावं लागलं नाही याचाच पुरावा आहे, हे त्यांनी त्याच्या लक्षात आणून दिलं. काही रात्री स्वप्नंच पडली नाहीत. मग एक पडलं, पण त्यात भीती नव्हती, दुःख होतं. आजची थेरपी बरीचशी हेच करते.

पहिलं महायुद्ध संपलं आणि हे शहाणपण मागे पडलं. व्हिएतनामहून परतलेले सैनिक १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये गटागटाने बसून बोलू लागले, तेव्हा विषय पुन्हा वर आला. १९७४ मध्ये बॉस्टनमध्ये अॅन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम यांनी बलात्कारपीडित स्त्रियांमध्येही तशीच लक्षणं नोंदवली. १९८० मध्ये ‘पीटीएसडी’ला (आघातानंतरच्या मानसिक विकाराला) अमेरिकेच्या अधिकृत रोगयादीत जागा मिळाली. ब्रिटनने हॅरी फारसह ३०६ जवानांना माफी दिली ती २००६ मध्ये.

मेंदूत डोकावता आलं ते नव्वदच्या दशकात. भीतीची सूचना देणारा अमिग्डाला अशा रुग्णांमध्ये चटकन पेटतो आणि त्याला आवर घालणारा कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स कमी पडतो. आठवणीला स्थळकाळ जोडणारा हिप्पोकॅम्पस काही सैनिकांमध्ये लहान आढळला. त्यामुळे फटाका वाजला की जुना प्रसंग आठवत नाही, तो आत्ताच घडू लागतो. आघाताने मेंदू आक्रसतो, असा निष्कर्ष निघालाही. मग २००२ मध्ये जुळ्या भावांचा अभ्यास आला: एक व्हिएतनामला गेलेला, दुसरा घरी. पीटीएसडी झालेल्या सैनिकाचा जो भाऊ युद्धावर गेलाच नव्हता, त्याचा हिप्पोकॅम्पसही लहानच होता! म्हणजे काही अंशी ती आधीचीच ठेवण असावी.

आजच्या उपचारांपैकी मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांच्या पद्धतीत रुग्ण डोळे मिटून घडलेला प्रसंग वर्तमानकाळात, पुन्हा पुन्हा सांगतो आणि घरी त्याचं रेकॉर्डिंग ऐकतो. हे सोपं नाही, काही जण मध्येच सोडतात. आठवण पुसली जात नाही. ती आठवली तरी आज धोका नाही, हे मेंदू नव्याने शिकतो. फ्रान्सिन शपिरो यांच्या ‘ईएमडीआर’मध्ये डोळे डावी-उजवीकडे हलवतात. त्याने गुण येतो. हलवण्यामुळे येतो का, यावर वाद आहे. मात्र दुर्घटनेनंतर लगेच सगळ्यांना सरसकट बोलतं करण्याची पद्धत फोल ठरली. काहींना तिचा त्रासच झाला.

आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी भूकंपाने हादरली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, तपासलेल्या भूकंपग्रस्तांपैकी निम्म्याहून अधिकांना मानसिक आजार आढळला. जागतिक बँकेच्या कर्जातून घरं उभी राहिली. मनाच्या उभारणीसाठी त्या तोडीचं काही झालं नाही.

ऑक्टोबर २०२२ पासून मानसिक आरोग्यासाठी केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतही.