पाण्याचं बूच

बाळांनो, इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यात स्टेनबरो नावाचं गाव आहे. तिथे १७४८ साली एका शेतकऱ्याच्या घरी जोसेफ ब्रामा जन्मला. सोळाव्या वर्षी त्याचा पाय जायबंदी झाला. आता नांगर धरणं कठीण. मग गावच्या सुताराकडे तो काम शिकला आणि पुढे लंडनला गेला.

तिथे श्रीमंतांच्या घरी संडास बसवायचं काम त्याच्याकडे आलं. त्याआधी, १७७५ साली, अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने संडासाच्या नळीला बाक दिला होता. त्या बाकात थोडं पाणी कायम साचून राही आणि गटारातला घाण वायू तिथेच अडे. केवढी साधी युक्ती! पण भांड्याच्या तळाशी त्याने सरकती झडप बसवली होती, ती कडाक्याच्या थंडीत गोठून बसे. ब्रामाने तिच्या जागी बिजागरीची झडप लावली आणि १७७८ साली पेटंट घेतलं.

पाण्याने त्याला पुढेही सोडलं नाही. बंद भांड्यातल्या पाण्यावर दाब दिला, की तो सगळीकडे सारखाच पोचतो, हे पास्कल नावाच्या शास्त्रज्ञाने सांगून ठेवलं होतं. म्हणजे लहान दट्ट्या दाबला, तर शंभरपट क्षेत्रफळाचा मोठा दट्ट्या शंभरपट जोराने वर उचलला जाणार! याच तत्त्वावर ब्रामाने १७९५ साली पाण्याच्या दाबावर चालणारं यंत्र केलं. अडचण एकच, दट्ट्याच्या कडेने पाणी गळे. तिथे वाटीसारखं वळवलेलं चामडं बसवलं. त्याचं श्रेय त्याच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लीला देतात. दाब वाढला, की पाणीच ते चामडं भिंतीशी घट्ट दाबून धरी. जितका दाब जास्त, तितकी गळती कमी!

बघा, बाकातलं पाणी वायू अडवतं आणि यंत्रातलं पाणी स्वतःलाच अडवतं. पाण्याशी झुंज न घेता त्यालाच राखणीला बसवायचं, ही या कारागिरांची खरी हुशारी.

सुट्टीत गावाहून परतल्यावर न्हाणीघरात कुबट वास आला, तर नाक मुरडू नका. जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे त्या बाकातल्यासारखंच वायू अडवणारं, पाणी आटलेलं असतं. तांब्याभर पाणी ओता. वास थांबेल.