पोपट पाळायचा, पण कोणता?

मराठी घरात ‘पोपट’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे एकच पक्षी उभा राहतो. हिरवा अंगरखा, लाल बाकदार चोच आणि गळ्याभोवती काळी-गुलाबी कंठी असलेला राघू. ओसरीवर टांगलेला पिंजरा, वाटीत भिजवलेली हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारणारा मिठू हे चित्र एके काळी वाड्यावाड्यांतून दिसत असे. त्यामुळे घरात एखादे पाखरू आणावे असे मनात आले की पहिली मागणी याच राघूची होते. आणि नेमका हाच पोपट नवशिक्याने, किंबहुना कोणीही, घरी आणू नये.

याचे पहिले कारण कायद्याचे आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये आपल्याकडील सर्व देशी पोपट संरक्षित आहेत. त्यात कंठीवाला राघू आला, खांद्यावर लाल पट्टा असलेला मोठा पहाडी पोपट आला आणि जांभळ्या डोक्याचा लहानखुरा पोपटही आला. देशी वन्य पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ मध्येच बंदी घालण्यात आली. या कायद्याच्या भंगाबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘हा पिंजऱ्यातच जन्मलेला आहे’ असे विक्रेत्याने सांगितले, म्हणून ग्राहक सुरक्षित होत नाही. निळ्या किंवा पिवळ्या रंगाचा राघूही जातीने राघूच असतो. रंग पालटल्याने जात पालटत नाही.

दुसरे कारण कायद्याहून जुने आहे. राघू झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. हिवाळा सरत आला की ढोल्यांतून पिले दिसू लागतात आणि त्याच सुमारास पिले काढणारेही झाडावर चढतात. हात आत जावा म्हणून ढोलीचे तोंड फोडले जाते. पिले तर जातातच, पण पुढच्या वर्षी त्या ढोलीत घरटे होण्याची शक्यताही मावळते. पंख न फुटलेली ती पिले टोपल्यांत, पिशव्यांत कोंबून शहरात आणली जातात व वाटेत त्यांतील कित्येक मरतात. बाजारात आपल्या हाती पडलेले एक पिलू हे त्यातून वाचलेले असते. घरात असा पोपट आधीपासून असेल, तर त्याला गच्चीवरून ‘मुक्त’ करणे हाही उपाय नव्हे. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला अन्न शोधणे आणि घारी-कावळ्यांपासून जीव वाचवणे जमत नाही. त्याच्याविषयी वन विभागाच्या कार्यालयाशी बोलावे.

मग नवशिक्यासाठी काय उरते? परदेशी मूळ असलेल्या, पण पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच पैदास होत आलेल्या जाती. अर्थात, तेथेही सरसकट मोकळे रान नाही. वन्यप्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या यादीत जगातील बहुतेक सर्व पोपट आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने ही यादी आपल्या कायद्यात आली आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंद केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करणे मालकांवर बंधनकारक झाले. या यादीतून वगळलेल्या मोजक्या जातींत बजरीगर, कॉकॅटील आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड यांचा समावेश आहे. योगायोग असा की नवशिक्याला सुचवावेत असे पक्षीही यांतच सापडतात.

पण जात ठरवण्यापूर्वी स्वतःला विचारायचा प्रश्न निराळाच आहे. हा पक्षी जितकी वर्षे जगेल, तितकी वर्षे त्याच्यासाठी आपण घरात असणार आहोत काय? आमच्या आजोळी, पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी येण्याच्या खूप आधी, एक राघू होता. आजोबा त्याला रोज सकाळी पेरूची फोड भरवीत. आजोबा गेले, त्यानंतरही तो नऊ वर्षे जगला. या नऊ वर्षांत पिंजरा चार घरे फिरला, कारण पाहुणा म्हणून तो सर्वांना हवा होता, सांभाळायला कोणालाच नको होता. शेवटी शेवटी तो स्वतःच्या छातीवरची पिसे उपटीत असे. आम्हा मुलांना तो चाळा वाटे. एकटेपणाने आणि कंटाळ्याने पोपट असे करतात, हे पुष्कळ उशिरा कळले.

मोठ्या पोपटांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच गंभीर होतो. आफ्रिकन ग्रे हा करड्या रंगाचा, लाल शेपटीचा पोपट बोलण्यात अग्रगण्य मानला जातो व म्हणून नवशिक्यांना त्याची भुरळ पडते. अमेरिकेतील संशोधिका आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ मध्ये दुकानातून आणलेला ‘अ‍ॅलेक्स’ याच जातीचा. २००७ मध्ये तो मरण पावला तोवर शंभराच्या आसपास शब्द वापरणे, रंग व आकार ओळखून सांगणे, थोड्या वस्तू मोजणे एवढी मजल त्याने मारली होती. परंतु त्यासाठी माणसांचा गट तीस वर्षे दिवसचे दिवस त्याच्याशी बोलत होता. ज्या बुद्धीचे आपल्याला कौतुक वाटते, तीच बुद्धी दिवसभर कुलूपबंद घरात कोंडली गेली की पक्षी किंचाळू लागतो, चावू लागतो. चाळीस-पन्नास वर्षे जगू शकणारा हा पक्षी चाळिशीतील माणसाने आणला, तर तो कोणाच्या नावे ठेवून जायचा, याचाही विचार करावा लागतो. मकाव आणि काकाकुवा यांच्याविषयी वेगळे सांगायला नको. त्यांचा आवाजच सोसायटीतील शेजाऱ्यांशी वैर घेण्यास पुरेसा आहे.

नवशिक्याने पहिला विचार करावा तो बजरीगरचा. आपल्याकडे बहुसंख्य लोक ज्यांना ‘लव्हबर्ड्‌स’ म्हणतात, ते हेच. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतील, आखूड शेपटीचे आणि जाड चोचीचे. बजरीगर ऑस्ट्रेलियातील, लांब शेपटीचे, मानेवर लाटांसारख्या रेघा असलेले. पक्षीशास्त्रज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये ही पाखरे जिवंत इंग्लंडला नेली आणि तेथून त्यांच्या पैदाशीचा जगभर प्रसार झाला. तीस-चाळीस ग्रॅम वजनाचा हा पक्षी साधारण पाच ते दहा वर्षे जगतो. आवाज किलबिलीएवढा, खर्च बेताचा. तो लहान आहे म्हणून त्याला कमी लेखू नये. कॅलिफोर्नियातील ‘पक’ नावाच्या बजरीगरच्या नावावर गिनीज बुकात १,७२८ शब्दांचा विक्रम नोंदला गेला आहे. सर्वच बोलतात असे नव्हे. बोलला तर बहुधा नर बोलतो. प्रौढ नराच्या चोचीच्या मुळाशी, नाकपुड्यांभोवतीची त्वचा निळी असते, तर मादीची तपकिरी किंवा फिकट. काही पांढऱ्या-पिवळ्या वाणांत मात्र ही खूण चालत नाही. कपाळावरच्या रेघा थेट चोचीपर्यंत उतरलेल्या असतील आणि डोळे पूर्ण काळे असतील, तर पाखरू कोवळे आहे असे समजावे. असेच पाखरू माणसाळते.

एक घ्यावे की जोडी? ज्या घरात दिवसभर कोणीतरी असते, तेथे एकटे बजरीगर माणसाला कुटुंबातले मानू लागते. नवरा-बायको दोघेही सकाळी आठला बाहेर पडून सायंकाळी सातला परतणार असतील, तर जोडीच घ्यावी. ती आपल्या हातावर कमी येईल, पण झुरणार नाही. दुकानदार पिंजऱ्यासोबत मातीचे मडके आग्रहाने देतात. ते घेऊ नये. मडके टांगले की मादी अंडी घालणार, एका वेळी चार-सहा, आणि अठरा दिवसांनी पिले. त्या पिलांचे काय करायचे हे ठरलेले नसेल, तर दोन नर किंवा दोन माद्या ठेवणेच बरे; त्यातही दोन नरांचे सहसा अधिक चांगले जमते.

कॉकॅटील हाही ऑस्ट्रेलियाचाच. डोक्यावर तुरा, गालावर केशरी टिळा. वजन ऐंशी ते शंभर ग्रॅम, आयुष्य पंधरा ते वीस वर्षे. स्वभावाने हा सर्वांत सौम्य. नर शीळ उत्तम घालतो. मनुष्याची सोबत हवी असलेल्या, निवांत घरासाठी माझे मत कॉकॅटीललाच आहे. दोन गोष्टी मात्र आधीच जाणून घ्याव्यात. त्याच्या पिसांतून पांढरी भुकटी झडते, म्हणून घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्याचा नाद सोडावा. शिवाय तो अंधारात दचकतो आणि पिंजऱ्यात वेडापिसा होऊन आपटतो. दिवाळीतील फटाक्यांच्या रात्री मंद दिवा लावून, खिडक्या बंद करून त्याच्याजवळ कोणीतरी असावे लागते.

खरा लव्हबर्ड देखणा, पण तापट आणि चावरा. तो दुसरा पक्षी म्हणून ठीक. दुकानांतून हल्ली दिसणारे कन्यूर नोंदणीच्या कक्षेत येतात आणि त्यांतील पिवळाधमक सन कन्यूर तर अत्यंत कर्कश. दक्षिण अमेरिकेतील त्याच्या मूळ प्रदेशात तो धोक्यात आलेला आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

खरेदीच्या वेळी सर्वांत मोठी फसगत होते ती ‘हाताने भरवायच्या’ पिलांच्या बाबतीत. पिलाला तुम्हीच भरवले तर ते तुम्हालाच आई मानेल, असे सांगून अर्धवट पिसांची पिले विकली जातात. वास्तविक हे काम तज्ज्ञाचे आहे. पातळ खाद्य थोडे जास्त गरम झाले तर पिलाची गळ्यातील अन्नाची पिशवी भाजते, थंड झाले तर अन्न आत आंबते आणि घास श्वासनलिकेत गेला तर काही मिनिटांत खेळ संपतो. स्वतः दाणे फोडून खाणारे पाखरूच घ्यावे. त्याला हाताळण्यात आले असेल, तर ते पुढे तितकेच माणसाळते.

दुकानात लगेच बोट दाखवू नये. थोडे दूर उभे राहून पंधरा मिनिटे पाहावे. पक्षी आपला आजार शक्यतो लपवतात आणि माणूस जवळ आला की ताठ बसतात. पिसे फुगवून, डोळे मिटून तळाशी बसलेले, श्वासासरशी शेपटी खालीवर हलणारे किंवा शेपटीखाली विष्ठेने माखलेले पाखरू दयेपोटीही घेऊ नये. त्याच पिंजऱ्यातले दुसरेही घेऊ नये. पोपटांपासून माणसाला होणारा सिटॅकोसिस हा आजार न्यूमोनियासारखा दिसतो. घरात पक्षी आल्यानंतर कोणाला ताप-खोकला आला, तर डॉक्टरांना पक्ष्याविषयी आवर्जून सांगावे. पक्ष्यांवर उपचार करणारा पशुवैद्यही खरेदीपूर्वीच शोधून ठेवावा. प्रत्येक गावात तो मिळत नाही.

पिंजरा उंच नको, लांब हवा, कारण पाखरू आडवे उडते. बजरीगरच्या जोडीला किमान दोन फूट लांबीचा, दीड फूट रुंदीचा आणि तितकाच उंच पिंजरा लागतो. गजांमधील अंतर अर्ध्या इंचाहून अधिक नसावे. गोल पिंजरे शोभेचे. आतील दांड्या एकसारख्या गुळगुळीत न ठेवता पेरूच्या लहान-मोठ्या जाडीच्या फांद्या बसवाव्यात, म्हणजे पायांना व्यायाम मिळतो. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला टेकलेली असावी. स्वयंपाकघर मात्र वर्ज्य. पक्ष्यांची फुप्फुसे आपल्याहून कार्यक्षम असल्याने विषारी वायूही त्यांच्या रक्तात झपाट्याने भिनतो. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला, तर त्याच्या वाफेने शेजारचे पाखरू मरू शकते. उदबत्ती, धूप आणि डासांची कॉइलही त्याच खोलीत नको. आणि पाखरू बाहेर काढण्यापूर्वी छताचा पंखा बंद करून त्याचे बटण कोणी दाबणार नाही याची खात्री करावी. आपल्याकडील घरांत पाळीव पाखरांचा सर्वांत मोठा शत्रू मांजर नव्हे, पंखाच असावा असे वाटते.

खाण्यात राळे, बाजरी, वरी चालते, परंतु नुसत्या दाण्यांवर ठेवलेले पाखरू लठ्ठ होते व जीवनसत्त्वांवाचून आजारी पडते. पालक, मेथी, कोथिंबीर, किसलेले गाजर, मक्याचे कणीस रोज थोडे द्यावे. पिंजऱ्यात समुद्रफेनाचा तुकडा अडकवला की चुना मिळतो आणि चोचही घासली जाते. सूर्यफुलाच्या बिया बक्षिसापुरत्या. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही, त्यामुळे ती खुशाल द्यावी. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी आणि खारट फरसाण मात्र कधीही नको.

घरी आणल्यावर पहिले दोन-तीन दिवस पाखरू गप्प बसेल, कदाचित कोणी पाहत असताना खाणारही नाही. मुलांना पिंजऱ्याभोवती जमू देऊ नये. सायंकाळी लवकर वर कापड टाकून त्याला दहा-बारा तास झोप मिळू द्यावी. दूरचित्रवाणीच्या खोलीत हे जमत नसेल तर पिंजऱ्याची जागा बदलावी. चौथ्या-पाचव्या दिवसापासून पिंजऱ्याशेजारी बसून हलक्या आवाजात बोलावे, वर्तमानपत्र वाचून दाखवले तरी चालते. नंतर राळ्याचे कणीस हाती धरून दार किंचित उघडावे आणि हात न हलवता थांबावे. कोणी चार दिवसांत जवळ येते, कोणी महिन्याने. पाखराने मान ताणून पहिला दाणा टिपला, तरी त्या दिवशी त्याला पकडू नये.