घरांतील वस्त्रयोजना

घर सजविण्याचा विषय निघाला कीं बहुधा रंगाची आवड आणि पैशाची सोय या दोनच गोष्टींचा विचार होतो. कापड मात्र रंग दाखविण्याखेरीज पुष्कळ कांहीं करीत असतें. तें प्रकाश गाळतें, धूळ धरतें, घाम टिपतें, आवाज मऊ करतें. म्हणून पडदा, बैठकीची चादर, उशीचा अभ्रा आणि सतरंजी यांची निवड करतांना 'सुंदर कोणतें?' हा प्रश्न दुसरा. 'या खोलींत या कापडाचें काम कोणतें?' हा पहिला.

भुसावळसारख्या गांवीं हा प्रश्न टाळतां येत नाहीं. येथें उन्हाळ्यांत पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि पश्चिमेच्या खिडकींतून येणारें तिसऱ्या प्रहराचें ऊन अडवावेंच लागतें. अशा खिडकीस मखमलीचा गडद पडदा लावला तर चार दिवस शोभा दिसेल. पण तो धूळ धरून ठेवील आणि उन्हाच्या बाजूनें लवकर विटेल. त्यापेक्षां घट्ट विणीचें फिकें सुती कापड घेऊन त्यास खिडकीच्या बाजूनें पांढऱ्या मांजरपाटाचें अस्तर लावावें. अस्तर ऊन परतवितें, आंतील कापडाचा रंग टिकतो, आणि जीर्ण झाल्यास तेवढेंच बदलतां येतें. उत्तरेच्या खिडकीस उन्हाचा मारा कमी असतो. तेथें विरळ विणीचें कापड पुरे.

धाग्याचाही असाच विचार आहे. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेंत कापूस आपल्या वजनाच्या सुमारें ८.५ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरीत नाहीं. म्हणून पाठीला, हाताला लागणारें कापड सुती असावें. तें घाम टिपतें. पॉलिएस्टर आटत नाहीं, लवकर सुरकुतत नाहीं व झटपट वाळतें. हे गुण पडद्यास उपयोगी आहेत. तेव्हां बैठकीस सूत आणि पडद्यास मिश्र धागा, अशी वांटणी केली तर दोहोंचाही लाभ होतो.

आतां संगतीविषयीं. एका खोलींत बोलकें कापड एकच असावें, बाकीच्यांनीं ऐकावें. दिवाणावर ठळक नक्षीची सोलापुरी चादर घातली, तर पडदे साधे ठेवावेत, व त्यांचा रंग त्या चादरींतीलच एखादा घ्यावा. अभ्र्यांवर बारीक रेघ किंवा लहान चौकडा चालेल. कारण मोठ्या नक्षीशेजारीं लहान नक्षी खपते, दोन सारख्याच मोठ्या नक्षी एकमेकींशीं भांडतात. छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, येथील हिमरूंत सुती ताणा व रेशमी बाणा असतो. त्याची चमक खादीच्या खरखरीत पोताशेजारीं खुलून दिसते. परंतु असें वस्त्र थोडें आणि कमी घासलें जाईल अशाच जागीं वापरावें.

अनेक तुकड्यांतून एक वस्तु कशी साधते हें गोधडी शिकविते. जुन्या लुगड्यांचे नाना रंगांचे तुकडे तिच्यांत असतात. तरी भोंवतालचा एकच कांठ आणि सर्वांवरून जाणारी एकाच दोऱ्याची टीप त्यांस बांधून ठेवते. खोलींतही पडदे, अभ्रे व चादर यांतून फिरणारा एक समान रंग हेंच काम करतो.

जवळच्या साध्या सामग्रींतून शोभा उभी राहते, याचा मोठा दाखला याच परिसरांत घडला. डिसेंबर १९३६ मध्यें फैजपूर येथें काँग्रेसचें अधिवेशन झालें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन. तेथील टिळकनगराच्या सजावटींत चित्रकार नंदलाल बोस यांनीं बांबूसारख्या साध्या, स्थानिक सामग्रीचा उपयोग केला. किंमती वस्तूंची उणीव योजकतेनें भरून निघाली.

भुसावळ हें रेल्वेचें विभागीय ठाणें असल्यामुळें येथें बदलीवर येणारीं-जाणारीं कुटुंबें पुष्कळ. एका घराच्या मापानें नेमके शिवलेले पडदे दुसऱ्या घरीं आंखूड पडतात आणि सारा खर्च वायां जातो. यासाठीं कापड बेतण्यापूर्वीं धुऊन आटवून घ्यावें; चुण्यांसाठीं रुंदी खिडकीच्या दीडपट ते दुप्पट धरावी; खालची दुमड चांगली चार-सहा बोटें ठेवावी, म्हणजे पुढें ती उसवून लांबी वाढवितां येते. खरेदीपूर्वीं कापडाचा नमुना घरीं आणून दिवसाच्या उजेडांत व रात्रीं दिव्याखालीं पाहावा. दुकानांतील प्रकाशांत जुळलेले रंग घरीं जुळतीलच असें नाहीं.

पाहुणा घटकाभर बसून जातो. त्या खोलींत दुपार काढावयाची असते ती घरच्या माणसांनीं. त्यांच्या डोळ्यांस विसावा आणि अंगास गारवा मिळाला, कीं ती वस्त्रयोजना साधली.