सहीच्या आधी चारी पायी फिरा



ऊस नोंदीसाठी शिवारात फिरताना एक गोष्ट नेहमी दिसते. एकाच चारीवर तोंडाकडचा ऊस हिरवागार, तर टेलचा ऊस उन्हाळ्यात पाळी चुकली की वाळलेला. बेणे तेच, खत तेच, फरक पाण्याचा. आपल्या शिरवळजवळ वीर धरणात अडविलेली नीरा उजव्या कालव्याने फलटण, माळशिरसपर्यंत जाते. पण पाणी नकाशात पोचणे वेगळे आणि सरीत पोचणे वेगळे.

हा फरक मिटावा म्हणून सन २००५ मध्ये दोन गोष्टी झाल्या. महाराष्ट्र जलक्षेत्र सुधार प्रकल्पासाठी जागतिक बँकेने ३२.५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले आणि सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा राज्याने केला. कालवे-चाऱ्या दुरुस्त करायच्या व कारभार पाणी वापर संस्थेकडे सोपवायचा, अशी ही जोडी होती. बँकेचा पैसा देणगी नव्हे, कर्ज आहे. ते राज्याच्या तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्याच पैशातून फिटते. तेव्हा अशा कामात विचारणा करणे हा आपला हक्कच आहे.

कायद्याने तशी सोयही केली आहे. संचालक मंडळात तोंडाचे, मधले व टेलचे असे तिन्ही भागांचे प्रतिनिधी लागतात. महिलांनाही जागा आहेत. पाणी मोजून द्यायचे. चारी ताब्यात घेण्यापूर्वी अधिकारी व संस्था यांनी मिळून पाहणी करायची.

खरी मेख या पाहणीतच आहे. एका चारीवर मी पाहिले. काम संपत आल्यावर देवळात बैठक झाली, चहा झाला, रजिस्टर फिरले. टेलचे एक म्हातारबाबा म्हणाले, “सायेब, माझ्या बांधापर्यंत पानी एकदा आणून दावा, मग अंगठा देतो.” मंडळी हसली. सह्या झाल्या. पुढच्याच उन्हाळ्यात मधली मोरी तुंबली, आणि तोवर दुरुस्ती संस्थेच्या गळ्यात पडली होती. बाबांचे बोलणेच खरे होते.

नाशिक जिल्ह्यातील वाघाडचे उदाहरण याउलट आहे. ओझर भागात टेलच्याच शेतकऱ्यांनी १९९० च्या सुमारास समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने पाणी वापर संस्था काढल्या. पुढे सबंध प्रकल्पाचा कारभार संस्थांनी मिळून हाती घेतला. ज्याला पाणी मिळत नव्हते, तोच आधी बोलला, म्हणून काम टिकले.

तेव्हा कोणताही प्रकल्प आपल्या गावी आला, तर एवढे करा :

१) पाणी सोडून चारी तोंडापासून टेलपर्यंत पायी फिरा. टेलवाला बरोबर हवाच.
२) फुटलेली दारे, गळती, तुंबलेल्या मोऱ्या जागेवरच लिहून काढा व त्याची प्रत ठेवा.
३) पाणी मोजण्याची सोय चालू आहे का, ते डोळ्यांनी पहा.
४) उणिवा दूर झाल्यावरच सही करा.

वार्षिक सभेत आपण उसाच्या भावावर तासन्‌तास बोलतो. चारीच्या सभेलाही तेवढाच वेळ द्या. एकरी टनेज तिथेच ठरते.

आपला,
ऊस विकास अधिकारी