चौथ्या नंबराचे पेढे

अकराव्या रोजाची संध्याकाळ. मगरिबच्या अजानला अजून अर्धा तास होता. दाभोळच्या खाडीकाठच्या एका गावात 76 वर्षांचे एक आजोबा पेढ्यांचा खोका घेऊन शेजारच्या अंगणात शिरले. शेजारी म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. दोघे एकाच शाळेत शिकलेले, आजही एकमेकांना अरेतुरे करणारे.

"घे. नात गोव्याला शिडाच्या नावांच्या स्पर्धेत होती. चौथी आली."

"चौथी? पदक तिघांनाच असतं ना?"

"तिघांनाच."

"मग पेढे कशाचे?"

"रोजा सुटल्यावर ये, सांगतो," म्हणून आजोबा मशिदीकडे वळले. पडवीत खजूर, कलिंगडाच्या फोडी आणि सांदणांची ताटं लागत होती, त्यांच्या शेजारी त्यांनी उरलेला खोका ठेवला.

नात पंधरा वर्षांची. मुंबईत आई-वडिलांबरोबर राहते आणि सुट्टीच्या दिवशी बंदरात एकटीने नाव चालवते. या नावेला आयएलसीए-4 म्हणतात, पूर्वी लेझर म्हणत. लांबी सव्वाचार मीटर, वजन साठ किलोच्या आत, एक डोलकाठी आणि 4.7 चौरस मीटरचं एकच शीड. इंजिन नाही, वल्हं नाही, सोबतीला दुसरं माणूसही नाही. एका हातात सुकाणूचा दांडा, दुसऱ्यात शिडाचा दोर, पाय पट्ट्यात अडकवून अर्धं अंग पाण्यावर झोकून द्यायचं आणि नाव सरळ ठेवायची. अशी नवी नाव घ्यायला काही लाख लागतात. ती चालवते ती क्लबची, तिच्याआधी कितीतरी मुलांच्या हाताखालून गेलेली.

आजोबांनी या खेळाकडे आधी कानाडोळाच केला होता. 1982 च्या एशियाडमधल्या शिडांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या. तेव्हा ते जहाज मिळण्याची वाट पाहत गावाच्या खोलीवर थांबले होते. फारोख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीने फायरबॉल प्रकारात भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं, ते त्यांनी पेपरात वाचलं आणि घडी घालून ठेवून दिलं. हा मोठ्या लोकांचा खेळ, असं त्यांचं तेव्हाचं मत. त्यात काही खोटंही नव्हतं. पुढे 2023 मध्ये हांगझोउच्या एशियाडमध्ये नेहा ठाकूरने याच आयएलसीए-4 मध्ये रौप्यपदक जिंकलं. समुद्राचं तोंड न पाहणाऱ्या मध्य प्रदेशातल्या देवासची ती शेतकऱ्याची मुलगी, भोपाळच्या तलावात शिकलेली. त्याच स्पर्धेत इबाद अलीने विंडसर्फिंगमध्ये कांस्यपदक मिळवलं. नातीने ती बातमी फोनवर वाचून दाखवली, तेव्हा आजोबा एवढंच म्हणाले, "तलावात लाटा नसतात."

बोलण्यातला हा कोरडेपणा वरवरचा होता. त्यामागे भीती होती. त्यांनी स्वतः 28 वर्षं जहाजावर काढली. बहुतेक मालवाहू जहाजांवर, आणि काही हंगाम मुंबईहून हाजींना जेद्दाला नेणाऱ्या जहाजावर. ती वाहतूक 1995 नंतर बंद झाली. हुद्दा सुकाणी. अरबीत 'सुक्कान' म्हणजे जहाजाचं सुकाणू. तो धरणारा तो सुकाणी. कोकणच्या किनाऱ्यावर असे शब्द पावलोपावली सापडतात. कोळीगीतातला नाखवा फारसीतल्या 'नाखुदा'चा, खलाशी अरबीतला, सरंग आणि दर्या फारसीतले. बंदरात उतरलेला शब्द कोणत्या घरचा, हे इथे कुणी विचारलं नाही.

तर या सुकाणींनी ठरवलं होतं की, आपल्यानंतर घरातलं कुणी पाण्यावर जाणार नाही. सणावारी घर सोडून राहणं, मयतीला न पोहोचणं, मुलाने बापाला पाहुण्यासारखं ओळखणं, हे सगळं आपल्यापाशीच संपावं. मुलाला त्यांनी बँकेत चिकटवलं. आणि त्या बँकवाल्याची मुलगी शाळेच्या शिबिरातून थेट नावेत जाऊन बसली.

तिच्या आईची काळजी वेगळी होती: ऊन, कपडे, लोक काय म्हणतील. कपड्यांचा प्रश्न आपोआप सुटला. उन्हापायी या खेळात मुलंमुली सगळीच अंगभर कपडे घालतात आणि वर लाइफ जॅकेट. लोकांचं म्हणाल तर, ते अजून म्हणतच आहेत.

यंदाची गोव्याची स्पर्धा नेमकी रमजानात आली. तीन दिवस, रोज तीन-चार तास भर उन्हात खाऱ्या पाण्यावर. प्रवासात असणाऱ्याला आणि आजाऱ्याला रोजा सोडायची मुभा आहे. राहिलेले रोजे नंतर भरून काढायचे, त्याला कझा म्हणतात. मुंबईहून गोव्याला गेलेली मुलगी प्रवासीच. पण पहिल्या दिवशी ती कुणाला न सांगता रोज्याने पाण्यात उतरली. दुसऱ्या शर्यतीपर्यंत निभावलं. तिसरीत हात थरथरायला लागले, शिडाचा दोर सुटला आणि ती पार मागे पडली. रात्री आजोबांचा फोन गेला. ते ओरडले नाहीत.

"मीपण रोज्याने सुकाणावर उभा राहिलोय. पण माझी पाळी संपली की दुसरा सुकाणी यायचा. तुझ्या नावेत दुसरं कोण आहे?"

"कुणी नाही, दादा."

"मग उद्या पाणी पी. अल्लाने सवलत दिली ती काय नाकारायला?"

दुसऱ्या दिवशी तिने पाणी प्यायलं आणि दोन शर्यतींत पहिल्या तिघांत आली.

या खेळाचा हिशेब उलटा असतो. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, आणि शेवटी ज्याची बेरीज कमी तो वर. शेवटच्या शर्यतीआधी तिसरा क्रमांक तिच्या हाताशी होता. वाऱ्याच्या थेट तोंडावर शिडाची नाव जात नाही. आधी एका अंगाने तिरकं, मग दुसऱ्या अंगाने, असं नागमोडी चढावं लागतं. कधी वळायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. दुपारचा खारा वारा चांगला भरला होता. वरच्या बोयाला वळसा घालताना तिच्या नावेची कड बोयाला घासली. अगदी हलकी. मागची नाव लांब होती, पंचांची होडी दुसऱ्या टोकाला होती. नियम असा की, बोयाला स्पर्श झाला तर नावेने लगेच बाजूला होऊन जागच्या जागी एक पूर्ण गिरकी घ्यायची आणि मगच पुढे जायचं. शिट्टी वाजवणारा पंच प्रत्येक नावेमागे नसतो. ज्याची चूक, त्यानेच गिरकी घ्यायची.

तिने गिरकी घेतली. तेवढ्यात दोन नावा पुढे गेल्या. एका गुणाने पदक हुकलं.

हे तिने त्या रात्री रडत रडत फोनवर सांगितलं. पलीकडे इतका वेळ शांतता होती, की फोन कट झाला असं तिला वाटलं.

"कुणी बघितलं होतं?" आजोबांनी अखेर विचारलं.

"नाही."

"मग फिरायला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. मीच फिरले."

तरावीहनंतर शेजारी आले, तेव्हा ओट्यावर बसून आजोबांनी ही सगळी हकिगत त्यांना ऐकवली. मग जहाजाच्या चाकाची गोष्ट सांगितली. अधिकारी हुकूम द्यायचा, "पोर्ट फाइव्ह". सुकाणीने तेच शब्द मोठ्याने परत म्हणायचे, चाक फिरवायचं आणि फिरवून झाल्यावर पुन्हा सांगायचं. जहाज आणि माणसं वाचवण्यासाठीच ती पद्धत आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण 28 वर्षांत एकदाही, एक अंशानेही त्यांनी जहाज स्वतःच्या मनाने वळवलं नव्हतं. "आणि ही पंधरा वर्षांची पोर," ते म्हणाले, "भर शर्यतीत, हुकमाशिवाय..." पुढचं त्यांना बोलता आलं नाही. ड्रायव्हरांनी दुसरा पेढा उचलला.

"आम्हाला तरी काय रे, गाडीची पाटी डेपोतूनच मिळायची," ते म्हणाले.

त्यांच्या भिंतीवर कालनिर्णय आहे. ईदनंतरच्या महिन्यात तीन तारखांना आजोबांनी पेन्सिलीने गोल केले आहेत. नातीचे दोन कझा रोजे ती इथे येऊन धरणार आहे. तिसरा गोल भरतीची वेळ पाहून केलेला. त्या दिवशी शेजारच्या वाडीतली शिडाची लहान होडी मागून ठेवली आहे. सुकाणावर कोण बसणार, हे दादीने विचारलं. आजोबा म्हणाले, "तिलाच विचार."